हरलेल्या सरकारांचा मर्सिया

१९९१ साली आमच्या वर्धा लोकसभा मतदारसंघात एक नवल घडलं. काँग्रेसचे दिग्गज वसंत साठे पडले आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे रामचंद्र घंगारे निवडून आले. सेवाग्राम आणि पवनारच्या या जिल्ह्याने लाल झेंडा दिल्लीला पाठवला, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला मॉस्कोत क्रेमलिनवरचा लाल झेंडा उतरला. पुढच्या, १९९६च्या निवडणुकीत वर्ध्याची जागाही भाजपकडे गेली.

माझं गाव आंजी (मोठी) याच मतदारसंघातलं. इथल्या आणि वर्ध्याच्या डाव्या मित्रांशी या पराभवांवर अनेकदा बोलणं होतं. सोव्हिएत संघ का कोसळला? गोर्बाचेव्हने गद्दारी केली. चिलीचं अयेंदे सरकार? अमेरिकेने पाडलं. बंगाल का गेला? भांडवलदार, माध्यमं, माओवादी आणि ममता एक झाले. प्रत्येक कहाणीत एक शहीद असतो, एक गद्दार असतो. ऐकताना मुहर्रमच्या मजलिसीतला मर्सिया आठवतो. शोक खरा असतो, पण हिशेब राहून जातो.

सगळे पराभव एका मापाने मोजता येत नाहीत. केरळमध्ये १९५७ साली ई. एम. एस. नंबुद्रीपाद यांचं सरकार मतपेटीतून आलं. त्याने जमीन सुधारणा आणि शिक्षण विधेयक हाती घेताच विरोधाची मोठी आघाडी उभी राहिली आणि ३१ जुलै १९५९ रोजी केंद्राने ते बरखास्त केलं. १९६०च्या निवडणुकीत कम्युनिस्टांच्या जागा ६० वरून २९ वर आल्या, मतं मात्र ३५ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर गेली. म्हणजे लोकांनी साथ सोडली नव्हती, सत्ता हिसकावली गेली होती. चिलीत ११ सप्टेंबर १९७३ रोजी तर लष्कराने राष्ट्रपती भवनावर बॉम्ब टाकले. इथे कटाची भाषा रास्त आहे.

बंगालचं तसं नाही. तिथे डावी आघाडी १९७७ ते २०११ अशी सलग ३४ वर्षं सत्तेत होती. ‘ऑपरेशन बर्गा’तून सुमारे १४ लाख बटाईदारांची नोंद झाली, त्यांत मुसलमान कुळंही मोठ्या संख्येने होती. हे उपकार नाकारणं कृतघ्नपणा ठरेल. पण त्याच सरकारने सिंगूरमध्ये शेतकऱ्यांची जमीन कारखान्यासाठी घेतली आणि १४ मार्च २००७ रोजी नंदीग्राममध्ये पोलिसांच्या गोळीबारात १४ माणसं मेली. २००६ साली २३५ जागा जिंकणारी आघाडी २०११ मध्ये ६२ वर आली, २०२१ मध्ये शून्यावर. ज्यांना जमिनीचा हक्क दिला, त्यांच्याच मनात जमीन जाण्याची भीती बसली. पक्षाच्या समीक्षेत याची कबुली आहे, पण आठवणींच्या गप्पांत ती क्वचितच येते.

मुसलमानांचा प्रश्न याच्याही आधीचा. नोव्हेंबर २००६ मध्ये सच्चर समितीचा अहवाल संसदेत आला. बंगालमध्ये लोकसंख्येचा चौथा हिस्सा मुसलमान, पण सरकारी नोकऱ्यांत त्यांचं प्रमाण लाजिरवाणं कमी. डाव्या मित्रांचं उत्तर असायचं, ‘आमच्या राज्यात दंगली झाल्या नाहीत.’ ही छोटी गोष्ट नव्हे. बाबरी मशीद पाडली गेली तेव्हा आमच्या बाजूने उभं राहणाऱ्यांत डावे पुढे होते, हे मी विसरलेलो नाही. पण जीव वाचला म्हणजे पोराला नोकरीची गरज नाही, असं कोणत्या बापाला सांगायचं?

हा रोग एकट्या डाव्यांचा नाही. आम्ही मुसलमान यात त्यांच्याही पुढे आहोत. १७५७ची प्लासी म्हटलं की मीर जाफर, १७९९चं श्रीरंगपट्टण म्हटलं की मीर सादिक. दोन नावांना शिव्या दिल्या की इतिहास संपतो. टिपूवर चालून आलेल्या इंग्रजांसोबत निजामाची फौजही होती. ती तिथे का होती, हे विचारायला आम्ही कचरतो. इब्न खल्दूनने १३७७ साली ‘मुकद्दिमा’त लिहून ठेवलं की हुकुमत एकजुटीवर उभी राहते आणि चैन वाढली, कराचा बोजा वाढला, ती एकजूट सुटली की खचते. बाहेरचा शत्रू येतो तेव्हा भिंत आतून पोकळ झालेली असते. इतका मोठा माणूस आमचा म्हणून मिरवतो, वाचत मात्र नाही.

गद्दाराची गोष्ट सोयीची असते, कारण तिच्यात आपल्याला काही बदलावं लागत नाही. लोक का गेले, या प्रश्नाचं उत्तर शोधायला मात्र त्यांच्या दारात जावं लागतं. उद्या मुसलमानांना पुन्हा डाव्यांच्या सोबतीची गरज पडेल, डाव्यांनाही आमची पडेल. तेव्हा नंदीग्रामच्या शेतकऱ्याने आणि नोकरी न मिळालेल्या बंगाली मुसलमान पोराने साथ का सोडली, हे त्यांनी त्या दोघांच्याच तोंडून ऐकलेलं असावं. टिपूच्या उरुसात मीर सादिकला शिव्या देऊन घरी परतणाऱ्या आम्हालाही हीच मेहनत करायची आहे.