शब्दांचे यंत्र : इन्फोकॉमची दहा वर्षे

एका पांढऱ्या घराच्या पश्चिमेला, मोकळ्या मैदानात आपण उभे आहोत. घराचे पुढचे दार फळ्या ठोकून बंद केलेले, जवळच एक लहानशी टपालपेटी. पडद्यावर चित्र नाही, कानावर आवाज नाही. आहे ते एवढे वर्णन आणि त्याखाली आपल्या शब्दांची वाट पाहणारे एक चिन्ह. पेटी उघडण्याची आज्ञा इंग्रजीत टंकली की पेटी उघडते आणि आत एक पत्रक सापडते. 'झॉर्क' हा खेळ असा सुरू होतो. तो ज्या कंपनीने घरोघरी पोचवला, त्या इन्फोकॉमचा इतिहास वाङ्मयाच्या अभ्यासकानेही एकदा नजरेखालून घालावा असा आहे.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९७७ साली टिम अँडरसन, मार्क ब्लँक, ब्रूस डॅनियल्स आणि डेव्ह लेबलिंग यांनी 'झॉर्क' लिहायला घेतला. त्याआधीच्या 'अ‍ॅडव्हेंचर' या खेळाला एक क्रियापद आणि एक नाम एवढीच भाषा कळत असे. 'झॉर्क'ला पुरते वाक्य समजू लागले. १९७९ साली संस्थेतल्या मंडळींनी इन्फोकॉम स्थापन केली, तेव्हा नेमके काय विकायचे हे ठरलेले नव्हते. खेळ हे भांडवल उभे करण्याचे साधन. खरे लक्ष्य व्यावसायिक आज्ञावल्यांचे. या मूळ हेतूनेच पुढे कंपनीचा घात केला.

मोठ्या संगणकावरचा 'झॉर्क' घरगुती यंत्रांत मावेना. म्हणून त्याचे तीन भाग केले. शिवाय जोएल बेरेझ आणि ब्लँक यांनी एक काल्पनिक संगणकच रचला, 'झी-मशीन'. खेळ या काल्पनिक यंत्रासाठी एकदाच लिहायचा आणि प्रत्येक खऱ्या संगणकासाठी फक्त एक छोटा दुभाषी तयार करायचा. त्या काळी बाजारात परस्परांशी न जुळणारी डझनभर यंत्रे होती; इन्फोकॉमचा खेळ मात्र त्यांतल्या बहुतेकांवर चाले.

१९८२ च्या 'डेडलाइन' या खुनाच्या रहस्यकथेतला सगळा मजकूर तबकडीत बसेना, तेव्हा जबान्या, प्रयोगशाळेचा अहवाल, इतकेच नव्हे तर गोळ्याही पाकिटातून देण्यात आल्या. अडचणीतून निघालेली ही युक्ती कंपनीची ओळख बनली. डग्लस अ‍ॅडम्सबरोबर केलेला 'हिचहायकर्स गाइड' (१९८४) उदंड खपला.

पण या लेखनाचे खरे सामर्थ्य स्टीव्ह मेरेट्झकीच्या 'प्लॅनेटफॉल'मध्ये (१९८३) दिसते. त्यातला फ्लॉइड हा पोरकट यंत्रमानव आपल्यासाठी एक वस्तू आणायला भयंकर प्राण्यांनी भरलेल्या खोलीत शिरतो. त्याच्यामागे दार बंद करण्याची आज्ञा आपल्यालाच द्यावी लागते. तो परततो तो छिन्नविच्छिन्न होऊन. कादंबरीत पात्र मरते तेव्हा वाचक साक्षीदार असतो. इथे दाराच्या कडीवर वाचकाचाच हात असतो. शोकाला अपराधभावाची जोड देणारी ही गोष्ट छापील पानाला सहज साधणारी नाही. पुढे मेरेट्झकीने 'अ माइंड फॉरएव्हर व्हॉयेजिंग'मध्ये (१९८५) रेगनकालीन राजकारणाची परखड चिकित्सा केली, तर ब्रायन मोरिआर्टीने 'ट्रिनिटी'त (१९८६) वाचकाला लंडनच्या केन्सिंग्टन बागेतून १९४५ च्या पहिल्या अणुचाचणीपर्यंत नेले.

दरम्यान १९८५ च्या आरंभी कंपनीने आपले जुने स्वप्न बाजारात आणले : 'कॉर्नरस्टोन' ही माहिती साठवण्याची आज्ञावली. तीही काल्पनिक यंत्राच्याच तत्त्वावर बेतलेली. पण तोवर कचेऱ्यांतून आयबीएमच्या पीसीचे राज्य पक्के झाले होते. एकच यंत्र सर्वत्र असताना दुभाष्याची गरज कोणाला? उरला तो फक्त दुभाष्यामुळे येणारा संथपणा. ज्या कल्पकतेने खेळांना तारले, तिनेच या आज्ञावलीला बुडवले. खेळांतून मिळालेला पैसा त्यात गेला, नोकरकपात झाली आणि १९८६ साली अ‍ॅक्टिव्हिजनने इन्फोकॉम विकत घेतली. एव्हाना चित्रमय खेळांनी बाजार व्यापला होता. १९८९ साली केंब्रिजचे कार्यालय बंद झाले. सुमारे पस्तीस खेळ मागे राहिले.

गंमत अशी, की त्या वेळची खरी यंत्रे केव्हाच भंगारात गेली, आणि जे यंत्र कधी अस्तित्वातच नव्हते ते मात्र टिकले. चाहत्यांनी झी-मशीनची रचना उलगडली, नवे दुभाषी लिहिले; १९९३ साली ग्रॅहम नेल्सनने 'इन्फॉर्म' ही भाषा रचून त्याच यंत्रासाठी नव्या कथा लिहिण्याची वाट खुली केली. अ‍ॅक्टिव्हिजनची मालकी २०२३ साली मायक्रोसॉफ्टकडे गेली आणि २०२५ च्या नोव्हेंबरात 'झॉर्क'च्या तिन्ही भागांची मूळ संहिता मुक्त परवान्याखाली सर्वांना खुली झाली.

हिशेबाच्या वहीत इन्फोकॉम हे एक फसलेले साहस ठरेल. पण संहिता टिकते ती तिचा कागद टिकतो म्हणून नव्हे. नकलून घेणारे पिढ्यान्‌पिढ्या भेटतात म्हणून. आपल्या पोथ्यांच्या बाबतीत जे खरे, तेच या तबकड्यांच्या बाबतीतही खरे ठरले. ती टपालपेटी आजही उघडते. फक्त उघडायला कोणीतरी शब्द टंकावे लागतात.