सागरजलाची खालची टाकी : क्रिस्टल पॅलेस ते दिवा

मत्स्यालयाचा इतिहास बहुधा दर्शनी काचटाकीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वस्तुतः समुद्रापासून दूर सागरजल टिकवून धरण्याचा प्रश्न सुटला तो प्रेक्षकाच्या दृष्टीआड असलेल्या दुसऱ्या टाकीमुळे. घरगुती प्रवाळ-मत्स्यालयाखालच्या कपाटात आज जी 'सम्प' बसविली जाते, ती या दुसऱ्या टाकीचीच लहान आवृत्ती होय. दिव्यासारख्या ठिकाणी, जेथे खाडी जवळ पण स्वच्छ समुद्र दूर आणि घरातील जागा बेताची, तेथे ही टाकी किती लहान करता येईल, या प्रश्नाचे उत्तर या इतिहासाच्या आधारेच शोधणे इष्ट ठरते.

इ. स. १८५० मध्ये लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टनने मासे, पाणवनस्पती व गोगलगाई यांचा समतोल एकाच टाकीत साधता येतो, हे गोड्या पाण्याच्या बाबतीत दाखवून दिले. फिलिप हेन्री गॉस याने १८५४ मध्ये कृत्रिम सागरजलाची कृती प्रसिद्ध केली. साधे मीठ, एप्सम मीठ आणि मॅग्नेशियम व पोटॅशियम यांची क्लोराइडे हे तिचे घटक होते. या दोघांची दृष्टी एकाच टाकीपुरती होती. विल्यम आल्फर्ड लॉइड याने मात्र हा विचार मुळातच बदलला. १८७१ मध्ये लंडनच्या दक्षिणेस सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये उघडलेल्या मत्स्यालयात त्याने दर्शनी टाक्यांच्या कित्येक पट पाणी खालच्या अंधाऱ्या, थंड जलाशयात साठविले आणि पंपाच्या साहाय्याने ते अहोरात्र खेळते ठेवले. पाणी ब्रायटनहून रेल्वेने आणावे लागे. ते वारंवार बदलणे शक्य नव्हते. म्हणूनच साठा मोठा ठेवून बिघाडाचा वेग मंद करणे, हे त्याचे सूत्र झाले.

समुद्रकाठी या सूत्राची निकड भासत नाही. जाकार्ता येथील ली चिन एंग याने १९६१ मध्ये मांडलेली 'नैसर्गिक पद्धती' जिवंत खडक व हवेचे बुडबुडे एवढ्यावरच उभी होती. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उघडले, तेही मरीन ड्राइव्हवर, समुद्राच्या समोरच. अशा ठिकाणी समुद्र हीच खालची टाकी होय. पुढे बर्लिनमधील हौशी अभ्यासकांनी जिवंत खडकाला फेस काढणाऱ्या यंत्राची जोड दिली, आणि १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट याच्या लेखमालेने अमेरिकेत लहान प्रवाळ-टाकीखाली गाळणटाकी ठेवण्याची प्रथा रूढ केली. लॉइडचा जलाशय असा कपाटात आला. परंतु येताना त्याचे प्रमाण उलटले. दर्शनी टाकी मोठी आणि खालची लहान झाली.

दिव्याच्या बाबतीत हे प्रमाण विशेष विचारार्ह आहे. उल्हास नदीच्या खाडीचे पाणी पावसाळ्यात जवळजवळ गोडे होते, आणि त्यात वस्तीच्या व कारखान्यांच्या सांडपाण्याची भर असते. ते प्रवाळांस उपयोगी नाही. मिठागरातील मीठ पाण्यात विरघळवूनही काम भागत नाही. भरतीचे पाणी आटू लागले म्हणजे चुन्याचे क्षार आधी खाली बसतात, त्यानंतर मीठ धरते, आणि मॅग्नेशियमचा बराच भाग उरलेल्या कडू पाण्यात राहतो. प्रवाळाला सांगाडा रचण्यास लागणारा चुना अशा मिठात पुरेसा नसतो. तयार सागरमिश्रण शुद्ध केलेल्या पाण्यात कालविणे, हाच मार्ग उरतो. साहजिकच प्रत्येक लिटर मोलाचा होतो.

या भागातील आगरी समाजाने पिढ्यान् पिढ्या दोन विद्या जोपासल्या : आगरात पाणी आटवून मीठ पिकविणे, आणि बांध व उघाडी यांच्या योगे खारे पाणी भातशेतीबाहेर रोखणे. खालच्या टाकीच्या आखणीत हेच दोन प्रश्न वेगळ्या रूपाने उभे राहतात.

पहिला प्रश्न आटण्याचा. ६० सेंमी लांब व ४५ सेंमी रुंद दर्शनी टाकीतून दिवसाला २ लिटर पाणी उडते असे धरू. ही घट तिच्या पृष्ठभागावर पसरली असती तर पातळी पाऊण सेंमीहून कमी उतरली असती. परंतु सांडव्यामुळे वरची पातळी कायम राहते आणि सारी घट खाली पंपाच्या कप्प्यात दिसते. तो कप्पा १५ × ३० सेंमी असल्यास पातळी एका दिवसात सुमारे ४.४ सेंमी उतरते, आणि दोन-तीन दिवसांतच पंप हवा ओढू लागतो. एकंदर १२५ लिटरपैकी १० लिटर आटले तर क्षारता हजारी ३५ वरून ३८ वर जाते. क्षार मागे राहतात, पाणी तेवढे उडते. म्हणून भर गोड्या पाण्याचीच, आणि रोज, घातली पाहिजे.

दुसरा प्रश्न पुराचा. वीज गेली की पंप थांबतो आणि परतीच्या नळीतून वरचे पाणी उलट खाली येते. ४५ × ३० × ४० सेंमी मापाच्या खालच्या टाकीत पाणी २२ सेंमी ठेवल्यास वर १८ सेंमी, म्हणजे सुमारे २४ लिटरची जागा मोकळी राहते. नळीचे तोंड पृष्ठभागाखाली ३ सेंमी असेल तर वरून ८.१ लिटर उतरते. सांडव्याच्या कप्प्यातील व नळ्यांतील २ लिटर धरूनही ते सामावते. तेच तोंड १० सेंमी खाली असेल तर २७ लिटर उतरते आणि घरात पाणी होते. उलट प्रवाह रोखणाऱ्या झडपेवर विसंबणे योग्य नाही. गाळाने अडलेली उघाडी जशी मिटत नाही, तशीच शंख-शेवाळाने धरलेली झडपही मिटत नाही. भरवसा ठेवायचा तो मोकळ्या जागेवर. म्हणून फेस-यंत्र व गाळणी यांची मांडणी या जागेचा हिशेब झाल्यानंतरच करावी.

हा हिशेब केवळ सोयीचा नाही. खडक-प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. मालवणच्या किंवा अन्य कोणत्याही भारतीय किनाऱ्यावरून ते तोडून आणणे हा गुन्हा आहे. टाकीत मेलेल्या जिवाची भरपाई समुद्रातून करावी, ही गॉसच्या काळची मोकळीक आता उरलेली नाही. लॉइडजवळ चुका सामावून घेणारा प्रचंड साठा होता. दिव्यातील सदनिकेत तो ठेवता येत नाही. तेथे साठ्याची उणीव रोजच्या मोजमापाने आणि जाणीवपूर्वक रिकाम्या ठेवलेल्या अठरा सेंमीने भरून काढावी लागते. खालच्या टाकीचा लहानपणा जेथवर या दोहोंना धक्का लावीत नाही, तेथवरच तो समर्थनीय होय.