तीन गाणी, फ्लॅश नाही : लाइव्ह म्युझिक फोटोग्राफर कसं होता येतं?

मोठ्या कॉन्सर्टमध्ये मंच आणि प्रेक्षक यांच्यामधल्या अरुंद पट्टीत कॅमेरे घेऊन उभी असलेली मंडळी तुम्ही पाहिली असतील. चौथं गाणं सुरू होईपर्यंत ती तिथून गायब होतात. कारण जगभरातल्या बहुतेक मोठ्या शोमध्ये नियम ठरलेला असतो : फोटो फक्त पहिल्या तीन गाण्यांचे आणि तेही फ्लॅशशिवाय. म्हणजे हातात जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. तिथवर पोहोचायचं कसं आणि काढलेला फोटो आपलाच राहतो का, हे दोन प्रश्न या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकासमोर असतात.

पास कसा मिळतो?

या जागेला ‘फोटो पिट’ म्हणतात. तिकीट काढून तिथे जाता येत नाही. माध्यमसंस्था, आयोजक किंवा कलाकाराच्या टीमकडून पास मिळतो आणि त्यासाठी आधीचं काम दाखवावं लागतं. ते काम उभं राहतं छोट्या जागांवर : कॉलेज फेस्टिव्हल, कॅफेमधले गिग, गणेशोत्सवातले कार्यक्रम. तिथे तीन गाण्यांची अट सहसा नसते आणि नव्या कलाकारांनाही चांगले फोटो हवे असतात.

महागडा कॅमेरा हवाच का?

सुरुवातीला नाही. अंधारात जास्त प्रकाश आत घेणारी लेन्स महत्त्वाची. ५० मिमी एफ/१.८ ही त्यातली स्वस्त निवड. आयएसओ ३२०० किंवा त्याहून जास्त ठेवावा लागतो, तर हलणारा गायक स्पष्ट यावा म्हणून शटर स्पीड साधारण १/२५० सेकंद. रॉ फॉरमॅटमध्ये फोटो काढला तर लाल-निळ्या दिव्यांनी बिघडलेले रंग नंतर बरेचसे सुधारता येतात. स्पीकरजवळ उभं राहायचं असल्याने इअरप्लगही बॅगेत हवेत.

शास्त्रीय मैफलीचं गणित वेगळं. पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवासारख्या ठिकाणी आलाप रंगात आलेला असताना शटरचा आवाजही खटकतो. म्हणून सायलेंट शटर वापरायचा आणि समेची वाट पाहायची. दिग्गज गायक-वादकांची प्रकाशचित्रं टिपणारे पुण्याचे सतीश पाकणीकर हे या परंपरेतलं मोठं नाव.

फोटो कुणाच्या मालकीचा?

इथेच अनेक नवखे फसतात. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार फोटोचा पहिला मालक सामान्यतः फोटोग्राफर असतो. मात्र कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केलेला नसेल, तर मालकी पैसे देणाऱ्याकडे जाते. पास देताना सही घेतल्या जाणाऱ्या कागदातही सगळे हक्क सोडून देण्याची अट असू शकते. त्यामुळे फोटो कोण, कुठे आणि किती काळ वापरणार, हे आधीच लेखी ठरवून घ्यावं.

यावर पोट भरतं का?

सुरुवातीला फक्त यावर भागणं अवघड. त्यामुळे लग्नं, कॉर्पोरेट इव्हेंट अशी कामं सोबत करावी लागतात. पुढे नेतो तो कलाकारांचा विश्वास. अमेरिकी फोटोग्राफर जिम मार्शल यांना बीटल्स, जॉनी कॅश यांच्यासारख्यांनी मंचामागेही वावरू दिलं. मार्शल २०१० मध्ये गेले आणि २०१४ मध्ये त्यांना मरणोत्तर ग्रॅमी ट्रस्टीज अवॉर्ड मिळालं. तीन गाण्यांची अट त्यांना बांधू शकली नाही, कारण कलाकारांनीच त्यांच्यासाठी दार उघडं ठेवलं होतं.