सापाचं हृदय, केईएमची लॅब

आपल्या मांडव्यात कुणाच्या हृदयाचं काही गंभीर निघालं, की बोट धरून मुंबई गाठायची. परळचं केईएम त्यामुळे अनेक घरांना ओळखीचं आहे. तिथे उपचार होतात हे माहीतच आहे. पण साठच्या दशकात तिथेच हृदयावर संशोधन करणारे तरुण कसे घडले, ते आज ऐकू.

सुरुवात १९२६ ची. सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या नावाचं मेडिकल कॉलेज आणि केईएम उभं राहिलं, ते देणगीदारांच्या एका अटीवर: शिकवणारे डॉक्टर भारतीयच हवेत. म्हणजे 'आपलं आपण करू' हे तिथे पायातच होतं.

पुढे तिथे डॉ. प्रफुल्लकुमार सेन आले. त्यांच्याकडे ऑपरेशन थिएटरच्या जोडीला प्राण्यांवर प्रयोग करायची लॅब होती. तिथला एक प्रश्न भन्नाट होता. माणसाच्या हृदयाच्या स्नायूला रक्त पोचवतात कोरोनरी धमन्या. त्या तुंबल्या की हार्ट अटॅक. पण सापाच्या हृदयाची भिंत स्पंजसारखी असते, आतल्या कप्प्यातलं रक्त थेट स्नायूत झिरपतं. मग आपल्या हृदयाच्या भिंतीला सुईने बारीक छिद्रं पाडली तर? बायपास तेव्हा रूढही झाली नव्हती.

हा प्रयोग १९६५ मध्ये अमेरिकेतल्या नामांकित जर्नलमध्ये छापून आला. लेखक चार. सेन यांच्यासोबत डॉ. जी. बी. परुळकर आणि जेमतेम तिशी ओलांडलेले डॉ. तेहेमटन उदवाडिया यांचीही नावं होती. साहेबांचं नाव मोठं, म्हणून पोरांची नावं गाळली नाहीत.

पुढे परदेशात हीच छिद्रं लेसरने पाडून बघितली गेली. ती टिकत नाहीत, बुजतात, असं दिसलं. कल्पना जशी मांडली तशी खरी ठरली नाही.

१६ फेब्रुवारी १९६८. जगातल्या पहिल्या हृदय प्रत्यारोपणानंतर फक्त ७५ दिवसांनी सेन यांच्या टीमने भारतातलं पहिलं केलं. रुग्ण काही तासच जगला. यशस्वी प्रत्यारोपणासाठी देशाला १९९४ पर्यंत थांबावं लागलं. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदाही त्याच वर्षीचा.

मग सगळं फुकट गेलं का? माणसं बघा. परुळकर हृदयशस्त्रक्रियेतच राहिले, १९९८ मध्ये पद्मभूषण झाले. उदवाडिया मात्र वेगळ्या वाटेने गेले. १९९० मध्ये त्यांनी भारतात पहिल्यांदा दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. हृदयाच्या लॅबमध्ये शिकलेला माणूस पोटाच्या शस्त्रक्रियेत नवी वाट पाडतो! मला तर स्वतंत्र संशोधक म्हणजे हेच वाटतं. शिष्य गुरूची झेरॉक्स निघाला, तर शिक्षण अर्धंच झालं.

आपल्याकडे आज मशीन आहेत, फेलोशिप आहेत. पण 'सापाचं हृदय बघू का?' असं विचारणाऱ्या पोराला 'बघ की' म्हणणारा सर हवा. आणि प्रयोग फसला तरी त्याचं नाव पेपरवर ठेवणारा.

तुमच्या घरात कुणी एमबीबीएस किंवा बीएस्सी करत असेल, तर हा भाग त्यांना नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!