खानेसुमारी आणि सीमारेषा : खानदेशच्या विभागणीचा एक अभ्यास

जिल्ह्याची सीमा ही राज्यकारभाराच्या सोयीसाठी आखलेली रेषा होय, व ती आखताना खानेसुमारीच्या आकड्यांचा आधार घेतला जातो, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा नाही. परंतु अपुरा आहे. खानदेशचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला असता असे दिसून येते की, आकड्यांवरून जशी सीमा ठरते, तसेच सीमेवरूनही आकडे ठरतात. गणना कोणत्या रेषेच्या आत करावयाची हे एकदा निश्चित झाले म्हणजे बहुसंख्य कोण, अल्पसंख्य कोण आणि कोणाच्या वाट्यास किती जागा, या प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी आधीच ठरून जातात.

१८१८ साली पेशवाईचा अंत झाला व खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे कारभाराचे मुख्य ठाणे केले. सातपुड्यापासून सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगररांगांपर्यंत पसरलेला हा जिल्हा एका कलेक्टराच्या आवाक्याबाहेरचा होता. १८६९ साली मालेगाव, नांदगाव व बागलाण हे तालुके काढून ते नव्या नाशिक जिल्ह्यास जोडण्यात आले. तरीही उरलेल्या जिल्ह्याचे क्षेत्र दहा हजार चौरस मैलांच्या घरात राहिले, आणि १९०१ च्या खानेसुमारीत त्याची लोकसंख्या चौदा लाखांहून अधिक भरली. अखेर १९०६ साली पूर्व खानदेश व पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे करण्यात आले. पहिल्याचे ठाणे जळगाव, दुसऱ्याचे धुळे.

ही विभागणी तालुका हा घटक धरून झाली. तीत भाषेचा विचार नव्हता. अहिराणीचे क्षेत्र मात्र या रेषेच्या दोन्ही अंगांस होते: पूर्वेकडे अमळनेर, पारोळे, चाळीसगाव, पश्चिमेकडे धुळे, साक्री, शिंदखेडे. बागलाण व मालेगावकडील अहिराणीभाषक तर १८६९ पासूनच नाशिक जिल्ह्यात मोजले जात होते. अशा रीतीने एका बोलीचे लोक तीन जिल्ह्यांच्या तक्त्यांत विभागले गेले व त्यांपैकी एकाही जिल्ह्याची ओळख त्या बोलीवरून ठरली नाही.

विभागणीनंतर एका वर्षाने, १९०७ साली, ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा नवव्या खंडाचा तिसरा भाग प्रसिद्ध झाला. त्यात खानदेशीचा समावेश मराठीच्या खंडात न करता भिली बोलींबरोबर करण्यात आला. खानदेशीवर मराठीचा थर चढलेला असला तरी तिचे मूळ अंग गुजरातीस जवळचे आहे, असे ग्रियर्सनचे प्रतिपादन होते. मराठी अभ्यासकांपैकी अनेकांस ते मान्य झाले नाही. या वादाचा निकाल येथे लावण्याचे कारण नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, तापीच्या खोऱ्यात मराठी, गुजराती व भिली यांच्या मर्यादा गावागणिक थोड्याथोड्या बदलत जातात; बोलींच्या अशा सलग पट्ट्यात शास्त्रीय दृष्ट्याही रेषा काढणे कठीण असते. मग खानेसुमारीच्या कारकुनाने ती एका रकान्यात कशी काढावी?

बहिणाबाई चौधरींचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १९५१ च्या फेब्रुवारीत स्वतंत्र भारताची पहिली खानेसुमारी झाली. त्याच वर्षी ३ डिसेंबरला जळगावी बहिणाबाईंचे निधन झाले आणि पुढील वर्षी त्यांची गाणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्या गाण्यांची भाषा सरसकट अहिराणी म्हणून सांगितली जाते. वस्तुतः ती जळगाव-यावलकडील लेवा बोली असून अहिराणीहून वेगळी आहे. जिची वाणी साऱ्या महाराष्ट्राने आपली मानली, तिच्या बोलीचे नाव अभ्यासकांसही नेमके सांगता येऊ नये, यावरून मातृभाषेच्या रकान्यातील आकड्यांवर किती भार टाकावा याचा अंदाज येतो.

तो भार राज्यपुनर्रचनेच्या काळात पडला. डांग प्रदेशाचा कारभार एकोणिसाव्या शतकात खानदेशच्या कलेक्टराकडे होता. पुढे तो सुरतेकडे गेला. पूर्वीच्या गणनांत तेथे भिली बोलींचा भरणा दिसतो. १९५१ च्या गणनेत मात्र डांगमधील बहुसंख्य लोकांची मातृभाषा गुजराती अशी नोंदली गेली. लोक तेच व रानेही तीच असता एका पिढीत भाषा बदलावी हे संभवनीय नाही; बदलली ती नोंद. संयुक्त महाराष्ट्राच्या पुरस्कर्त्यांनी या नोंदीस जोराचा आक्षेप घेतला, परंतु १९६० साली डांग गुजरातेतच राहिला. विशेष हे की, पुढील खानेसुमाऱ्यांच्या भाषाविषयक तक्त्यांत डांगी ही मातृभाषा अहिराणीबरोबर ‘खानदेशी’ या एकाच शीर्षाखाली घालण्यात आली आहे. म्हणजे सीमा ठरताना जी बोली एका बाजूस धरली गेली, ती सीमा पक्की झाल्यावर वर्गीकरणात दुसऱ्या बाजूस येऊन बसली.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये अस्तित्वात आली, तेव्हा पश्चिम खानदेशच्या नवापूर, नंदुरबार, तळोदे व अक्कलकुवे या तालुक्यांतील १५६ गावे गुजरातेस देण्यात आली. येथे घटक तालुका राहिला नाही. तो गाव झाला. निझर व उच्छल हे आजचे तालुके या पट्ट्यातील आहेत, आणि निझरचा भाग नंदुरबार जिल्ह्यात पाचरीसारखा शिरलेला नकाशावर आजही दिसतो. या हस्तांतराचे कारण केवळ भाषा हे नव्हते. तापीवरील उकाई धरणाचा प्रश्न त्याच्याशी निगडित होता, व १९७२ साली पूर्ण झालेल्या त्या धरणाचा जलाशय याच भागात पसरला. राज्यनिर्मितीनंतर दोन्ही जिल्ह्यांची नावे बदलली आणि १९६१ च्या खानेसुमारीत ते जळगाव व धुळे या नावांनी आले.

त्यानंतर सीमारेषेचा प्रश्न जिल्ह्याच्या आत शिरला. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. आता प्रत्येक जिल्ह्याचे निवडणूक विभाग पाडणे आले. आजच्या रचनेत जिल्हा परिषदेच्या प्रत्येक गटाचे पंचायत समितीसाठी दोन गण असतात. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने या रचनेस घटनात्मक आधार दिला: लोकसंख्या म्हणजे आकडे प्रसिद्ध झालेल्या लगतच्या खानेसुमारीतील लोकसंख्या, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या जागा त्यांच्या त्या लोकसंख्येच्या प्रमाणात. भाषेचा रकाना मागे पडला; जमातीचा रकाना पुढे आला.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार, नवापूर, शहादे, तळोदे, अक्कलकुवे व अक्राणी हे तालुके काढून नंदुरबार जिल्हा करण्यात आला. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे नंदुरबारची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९.३ टक्के आहे. धुळ्याची लोकसंख्या २० लाख ५१ हजार व हे प्रमाण ३१.६ टक्के. दोन्हींचे आकडे एकत्र केल्यास प्रमाण सुमारे ४८ टक्के येते. माणूस एकही हलला नाही. परंतु जेथे एका जिल्ह्यात निम्म्याच्या जवळपास असलेला एक समाज होता, तेथे एका जिल्ह्यात तो दोनतृतीयांशांहून अधिक व दुसऱ्यात एकतृतीयांशाहून कमी झाला.

याचे परिणाम कागदोपत्री राहिले नाहीत. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा परिषदांतील एकूण आरक्षण ५० टक्क्यांहून अधिक असता कामा नये, असा निर्णय दिला. त्यामुळे इतर मागासवर्गाच्या जागा रिक्त झाल्या आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात धुळ्यात १५ व नंदुरबारात ११ गटांची पोटनिवडणूक घ्यावी लागली. नंदुरबारात जमातींच्या जागांनीच ती मर्यादा ओलांडलेली असल्याने त्या निकषाप्रमाणे इतर मागासवर्गास काहीच उरत नाही. धुळ्यात थोडे उरते. जिल्हा अविभक्त असता तर जातींचा वाटा मिळवून मर्यादा तेथेही ओलांडली गेली असती. म्हणजे शिंदखेड्याच्या एखाद्या मागासवर्गीय शेतकऱ्यास उमेदवारीचा जो हक्क आज मिळू शकतो, तो १९९८ च्या रेषेमुळे. आणि शहाद्याच्या तशाच शेतकऱ्यास तो मिळत नाही, तोही त्याच रेषेमुळे. उलटपक्षी, नंदुरबारात आदिवासींस त्यांच्या संख्येस साजेसे स्थान मिळाले, हेही त्याच रेषेचे फळ होय.

भाषेच्या रकान्याची अस्थिरता मात्र संपलेली नाही. ‘खानदेशी’ या शीर्षाखाली १९९१ साली ९ लाख ७४ हजार, २००१ साली २० लाख ७५ हजार आणि २०११ साली १८ लाख ६० हजार भाषकांची नोंद झाली. ही चढउतार जन्ममृत्यूंची नव्हे. ‘मराठी’ म्हणावे की ‘अहिराणी’, या प्रश्नाचे उत्तर घरोघर बदलले, एवढाच तिचा अर्थ.

जिल्हा परिषदांची २०२५ मधील गटरचनाही २०११ च्याच आकड्यांवर करण्यात आली, कारण २०२१ ची खानेसुमारी होऊ शकली नाही. पुढील गणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन अधिसूचित झाला आहे. तिचे आकडे हाती आल्यावर जळगाव, धुळे व नंदुरबार येथील रेषा पुन्हा आखाव्या लागतील. त्या वेळी अभ्यासकाने आकडा हाती घेण्यापूर्वी तो कोणत्या सीमेच्या आत व कोणत्या रकान्याखाली मोजला गेला हे प्रथम पाहिले पाहिजे. खानदेशचा इतिहास एवढे तरी निश्चितपणे शिकवितो.