वाकवलेल्या लाकडाची खुर्ची

खुर्चीचा इतिहास बहुधा सिंहासनापासून सांगतात. त्यात बसणारा दिसतो, घडवणारा दिसत नाही. आम्ही कामगार चळवळीतले. म्हणून एका साध्या खुर्चीची हकीकत सांगतो.

मिखाएल टोनेट हा ऱ्हाइनकाठचा सुतार १८४२ साली व्हिएन्नाला आला. बीचचे दांडे वाफवायचे, बाहेरच्या अंगाला लोखंडी पट्टी आवळायची आणि साच्यावर वाकवायचे, ही त्याची रीत. पट्टी नसेल तर ताणाने लाकूड तडकते. १८५९ साली निघालेली त्याची १४ नंबरची खुर्ची पुढे लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू व दोन नट इतक्यावर आली. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटर खोक्यात मावत. १९३० पर्यंत सुमारे पाच कोटी खपल्या.

कारखाने मोराव्हियात, बीचच्या रानांजवळ निघाले. तेथे लाकूड होते, तशीच स्वस्त मजुरीही होती. खुर्ची स्वस्त झाली, ती एकट्या युक्तीने नव्हे.

१९२५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ल कॉर्बुझिएने आपल्या नव्या धाटणीच्या घरात टोनेटच्याच खुर्च्या मांडल्या. मुंबईच्या इराण्यांकडे संगमरवरी टेबलांभोवती याच घराण्यातल्या खुर्च्या आल्या. त्या कोठेही शोभल्या, कारण त्यांत कामापुरतेच लाकूड आहे, डौल मिरवण्यासाठी नाही.

तेव्हा मंडळी, घरात जुन्यानव्याची सरमिसळ खुशाल करा. मात्र खुर्ची पारखताना सांध्यावरून बोट फिरवा, आणि तो सांधणाऱ्याच्या हाती काय पडले, हेही विचारा.