एंडोमेट्रिओसिस : सोनोग्राफी, एमआरआय की दुर्बीण?

गर्भाशयाच्या आतील अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजांडकोश, पोटातील पडदा, आतडे किंवा मूत्राशयावर वाढतात, त्या आजाराला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. पाळीत असह्य दुखणे, संबंधांच्या वेळी किंवा शौचाला दुखणे, मूल न राहणे ही त्याची मुख्य लक्षणे.

पोटावरून सोनोग्राफी. बहुतेक ठिकाणी हीच आधी होते. मोठी गाठ दिसते, पण लहान गाठी आणि खोलवरचा आजार सुटू शकतो.

योनिमार्गातून सोनोग्राफी (टीव्हीएस). पहिली तपासणी म्हणून माझी पसंती हिलाच. मूत्राशय रिकामे ठेवून बारीक प्रोब आत घालतात. अवघडल्यासारखे वाटते, पण सहसा फार दुखत नाही. बीजांडकोशातील 'चॉकलेट सिस्ट' यात चांगली ओळखता येते. अनुभवी तज्ज्ञ असेल तर अवयव एकमेकांना चिकटलेत का, आतड्यावर आजार आहे का, हेही कळते. म्हणून चिठ्ठीवर नुसते 'पोटदुखी' न लिहिता 'एंडोमेट्रिओसिसची शंका' असे डॉक्टरांकडून लिहून घ्या. अविवाहित मुलींमध्ये ही तपासणी सहसा करत नाहीत. त्यांना पोटावरून सोनोग्राफी किंवा गरजेनुसार एमआरआय करतात.

एमआरआय. आतडे, मूत्राशय, मूत्रनलिकेजवळचा खोल आजार किंवा शस्त्रक्रियेची आखणी असेल तेव्हा उपयोगी. यात क्ष-किरण नसतात. खर्च जास्त असल्याने प्रत्येकीला गरज नाही. सीटी स्कॅन या निदानासाठी सहसा उपयोगाचा नाही.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आले तरी आजार नाही असे ठरत नाही. पडद्यावरचे वरवरचे डाग कोणत्याच स्कॅनमध्ये नीट दिसत नाहीत. पूर्वी दुर्बिणीची शस्त्रक्रिया (लॅप्रोस्कोपी) हाच निदानाचा शेवटचा शब्द मानत. 2022 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार, स्कॅनमध्ये काही न दिसल्यास किंवा औषधांनी फरक न पडल्यास ती करावी. लक्षणांवरून आधी हार्मोनच्या गोळ्या सुरू करता येतात.

आता आपल्या बीड जिल्ह्याबद्दल. 2019 साली विधिमंडळात दिलेल्या माहितीनुसार तीन वर्षांत इथे 4,605 महिलांचे गर्भाशय काढले गेले होते. त्यात ऊसतोड करणाऱ्या बाया बऱ्याच होत्या. 'पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल' एवढ्यावर घाबरून होकार देणाऱ्या बाया मीही पाहिल्या आहेत. सोनोग्राफीच्या रिपोर्टमधील 'सूज' किंवा 'जाड पिशवी' हे काही ऑपरेशनचे कारण नव्हे. शिवाय एंडोमेट्रिओसिस पिशवीच्या बाहेर असतो; नुसती पिशवी काढून दुखणे जाईलच असे नाही. सोबत बीजांडकोशही काढले, तर तरुण वयातच पाळी जाण्याचे त्रास आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोका.

म्हणून कोणी तारीख दिली, तरी आधी टीव्हीएस झाली का ते विचारा. फिल्म आणि रिपोर्ट स्वतःजवळ ठेवा, कारखान्यावर जाताना बरोबर न्या. दुसरे मत जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्त्रीरोग विभागात घेता येते. मात्र अचानक तीव्र पोटदुखी, चक्कर, ताप किंवा फार रक्तस्राव असेल तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.